पान ब्याण्णव

परत आलेल्या पुस्तकांतली पेन्सिल
मी शनिवारी खोडते.
दुमडलेले कोपरे, चहाचे डाग,
राजकन्येला कुणीतरी काढलेल्या मिशा.
चेंदणी कोळीवाड्यात खाडीच्या दमट वाऱ्यानं
पुस्तकं तशीही फुगतात,
त्यात पोरांची मतं.

कार्ड नंबर दोनशे सतरा. यज्ञा केणी, चौथी ब.
पान ब्याण्णववर, चेटकीण मरते त्या ओळीखाली
बारीक अक्षरात
"एवढ्यात?"

खोडरबर हातातच राहिलं.

रात्री घरी नेऊन वाचलं.
किल्ला, चाळीस खोल्या, पहारेकरी एकच,
तोही अर्धा आंधळा, वर झोपाळू.
अख्ख्या राज्याचे दगड करणारी बाई
स्वतःचा जीव ठेवते कुठे, तर मडक्यात,
मडकं कुठे, तर चुलीशेजारी,
आणि हे सांगते कुणाला,
तर पहिल्याच पाहुण्याला, भात वाढता वाढता.
पोरगा उठतो, हात धुतो, मडकं फोडतो.
हात धुतो हे माझं नाही, पुस्तकातच आहे.
मग दगडांची माणसं, माणसांची वरात.

शेवटचं पान बघितलं. शहाण्णव.
सोळाचे सहा फर्मे.
नवऱ्याच्या छापखान्यात अकरा वर्षं
मी फर्म्यांना घड्या घातल्यात, मला कळतं,
तिला त्या पोरानं नाही मारलं,
कागदाच्या भावानं मारलं.
सातवा फर्मा परवडला असता
तर ती लढली असती.

आमच्या इमारतीचा करार
नऊ वर्षं "होतोय".
सोसायटीचे चिटणीस धुमाळसाहेब
दर दिवाळीला स्वतः जिना चढून येतात,
पेढे देतात, खुर्चीत बसून गुडघे चोळतात,
"वाचनालयाला नव्या बिल्डिंगीत जागा मिळणारच हो."
त्यांचा आवाज कधी चढलेला नाही.
मला वाटतं, त्यांना खरंच वाईट वाटतं.
एकदा त्यांच्याकडे चहाला गेले होते,
तेव्हा स्वयंपाकघर डोकावून पाहिलं.
शेगडीशेजारी लायटर, मिठाची बरणी,
औषधांचा डबा, सोमवार ते रविवार.
बाकी काही नाही.

यज्ञाला समजवायचं ठरवलं होतं,
अगं, लहान मुलांसाठी असतं ते,
रात्री नीट झोप लागावी म्हणून
दुष्टांना लवकर मारतात.
ती टेबलाशी उभी, हनुवटी रजिस्टरवर टेकून.
"मला झोप लागली नाही
म्हणून तर लिहिलं."

मग म्हणाली,
"चाळीस खोल्या एकटी झाडत असेल ती.
कुणीतरी जेवायला आलं,
तिला बोलावंसं वाटलं असणार."

आणि जिन्याकडे बघत,
"त्यानं भात आधी संपवला, मावशी.
सगळा संपवला. मग फोडलं."

मी दोनदा वाचलं होतं ते पान.

दुसरं देऊ का काही, विचारलं.
परवाच नवी आली आहेत, त्यात एक
तीन डोक्यांचा राक्षसही आहे.
तिनं मान हलवली. "हेच परत."

खोडलं नाही.
मागच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला घेतला.
मुदत सात दिवस, उशीर झाल्यास रोज एक रुपया,
हे फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे.
अंगठ्यानं दशकाचं चाक एक घर पुढे सरकवलं.
सोळाच्या जागी सव्वीस.

पुस्तक पोटाशी धरून ती उतरली,
खाली सुक्या बोंबलांच्या राशीवरून
उडी मारल्याचा आवाज आला.

सतरा दिवस.
सावकाश वाचलं तर
निदान खोल्या तरी झाडून होतील.